बांधावरची माती

मिलिंद, तुला पोहोचवायला सबंध हिंगोली जिल्हा लोटला होता. कनेरगाव नाक्यापासून साखऱ्यापर्यंत गाड्यांची रांग लागली, वाशिमकडचे ट्रक औंढ्यावरून फिरवावे लागले, आणि तुला जाताना बघायला कयाधूचं पाणी घटकाभर उभं राहिलं.

आता तू इथं असतास तर बशीतल्या चहावर फुंकर घालत, माझ्याकडे न बघता विचारलं असतंस, "बबन्या, पानी किती?"

पाणी बरंच आहे, साहेब. गाड्या म्हणजे दोन जीपा आणि माझा टेम्पो. ट्रक आपल्या वाटेनं गेले. आणि कयाधूत या दिवसांत उभं राहायला पाणी आहे कुठं? पण माणसं आली होती. हळद शिजवायची कामं अर्धी टाकून, पिवळ्या हातांनी आली होती. हे दूध आहे. यात मी काही घातलेलं नाही.

साखऱ्याच्या शाळेत आपण एका तरटावर बसायचो तेव्हापासून तुझा हा प्रश्न माझ्या मागं लागलेला. पुढं मी नाक्यावर ढाबा टाकला. बबनच्या ढाब्यावर वरण पातळ आणि गोष्टी त्याहून पातळ, असं ट्रकवाले एकमेकांना सांगतात. मी चपलेनं बिबट्या हाकलला असं सांगायचो, आणि तू कोपऱ्यातल्या बाजेवरून म्हणायचास की ते मांजर होतं, आणि तेही चपलेला नाही, वरणाला भिऊन पळालं. गिऱ्हाईक हसायचं, मी तुला शिव्या द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी ती बाज पुन्हा रिकामी ठेवायचो. खोटं बोलणाऱ्याला एक तरी खोटं पाडणारा लागतो रे. नाहीतर त्याची गोष्ट कुठं संपते हे त्यालाच कळत नाही.

हे सगळं मी वहिनींना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिवा भाऊजी. पर वरणात घालता तेवढं पानी घालू नका."

तू कृषी सहायक झालास, तेव्हा मी नाक्यावर सांगत सुटलो होतो की तुझ्या मोटारसायकलीचा आवाज आला की युरियाच्या गोण्या घाबरून एकमेकींना बिलगतात. माती तपासल्याशिवाय तू कुणाला खताची पिशवी फोडू देत नव्हतास. पण आपली माणसं तुला ठाऊकच होती. तपासणी म्हटली की त्यांना परीक्षा वाटते, आणि परीक्षा म्हटली की नापास व्हायची लाज. तू म्हणायचास मातीचा नमुना आणा, आणि हे बहाद्दर बांधावरची, चिंचेखालची, उकिरड्याशेजारची काळीभोर माती निवडून आणायचे. पाहुणे बघायला येणार म्हणून पोरीला नवं लुगडं नेसवावं, तशी. रिपोर्ट यायचा एक नंबर, आणि मधल्या रानातलं सोयाबीन पिवळं पडायचं ते पडायचंच.

तू त्यांच्यावर कधी ओरडला नाहीस. पिशवी हातात घेऊन, माती चिमटीत चोळून, वास घेऊन परत द्यायचास. "ही बांधावरची हाय, दादा. हिला काय धाड भरली? माती परीक्षेला बसून न्हाई राहिली. तिला काय कमी हाय, तेवढंच इचारायचं हाय. मधली आना."

आणि मग तुझ्याच मधल्या रानात काहीतरी बिघडलं.

मला कसं कळलं सांगू? तू बाजेवर येऊन बसलास. मी नवा बिबट्या सांगायला घेतला आणि तू पाणी विचारलंच नाहीस. मी मुद्दाम वाढवत नेलं. बिबट्याचा वाघ केला, वाघाला शिंगं लावली, शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या. तू मान डोलावत राहिलास. चहावर साय धरली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच गोष्ट सांगायची भीती वाटली.

त्यानंतरची ती लांबच लांब वर्षं. भिंतीकडे तोंड करून पडलेला तू. आपल्यामुळं सगळ्यांचं वाटोळं होतंय असं एकसारखं घोकणारा तू. वहिनींनी हिंगोली केली, नांदेड केलं. एका डॉक्टरनं एक गोळी दिली, ती लागू पडत नाही म्हणून दुसऱ्यानं दुसरी, मग तिसरी. एका गोळीनं तू असा झोपायचास की तुझ्या पोटावर चिमण्यांनी घरटं करायला घेतलं असतं. दुसरीनं हात थरथरायला लागले. कपबशी धरलीस की चहात अशा लाटा उठायच्या की होडी सोडावी. एकीनं तोंडाला असली कोरड पडली की तुझ्या जिभेवर मला उन्हाळ्यातली काळी जमीन दिसायची, भेगांसकट.

पण डॉक्टरकडं जायच्या दिवशी? त्या दिवशी तू दाढी करायचास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत पॉलिश केलेले बूट. डॉक्टर विचारायचे, गोळ्या सोसतात का? हात मांड्यांखाली दाबून तू म्हणायचास, "बराबर हाय साहेब. कायी तकलीफ न्हाई." वहिनी म्हणायच्या, अहो, दिवसभर उठत नाहीत. म्हणजे गोळीचा त्रास नाही आणि गुणही नाही, असा हिशेब करून डॉक्टर बिचारे मात्रा वाढवून द्यायचे. आणि तू घरी येऊन त्या गोळ्या अंगणातल्या मोगऱ्याच्या कुंडीत बोटानं दाबून टाकायचास.

तुला मी तसं करताना पाहिलं, आणि तू मला पाहताना पाहिलंस. नाक्यावरच्या सगळ्यात मोठ्या तोंडाला तू नुसत्या नजरेनं गप्प केलंस. पण मोगरा गप्प बसतो होय? तो इतका शांत झाला होता की वादळ सुटलं, पत्रे उडाले, तरी त्याचं एक पान हलेना. कळ्या यायच्या, पण फुलायचा त्यांना कंटाळा.

प्रज्ञा, तुझी लेक, तेव्हा नांदेडला फार्मसीला होती. तिनंच मनाच्या आजाराच्या त्या नव्या डॉक्टरबाई शोधल्या. बाईंनी जुने सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, इतकी औषधं बदलून झालीत, तर पुढची गोळी देण्याआधी एक तपासणी करून बघू. लाळेची. माणसाच्या जनुकांवरून कळतं की काही औषधं त्याचं शरीर किती वेगानं पचवतं. कुणाचं भरभर पचवून मोकळं होतं, औषधाला काम करायला सापडतच नाही. कुणाचं इतकं सावकाश पचवतं की साधी मात्रासुद्धा अंगात साचत जाते.

तू ताडकन नाही म्हणालास. कितीतरी दिवसांनी तुझ्या आवाजात जोर ऐकला तो त्या नकारात. साखऱ्याला परत आल्यावर अंगणात प्रज्ञा तुझ्यासमोर उकिडवी बसली. मी मोगऱ्याशेजारी. ती म्हणाली की बाबा, तुम्ही लोकांना माती तपासल्याशिवाय पोतं फोडू देत नव्हता, आणि स्वतःच्या अंगात इतकी वर्षं न तपासता खत टाकून राहिलात. तू कुंडीकडं बघत राहिलास. मग खरं कारण हळूच बाहेर आलं. जनुकांची तपासणी म्हणजे खानदानाची तपासणी. बापाचं डोकं फिरलेलं आहे असं कागदावर छापून आलं की पोरीला कोण करून घेणार?

प्रज्ञा आणखी पुढं सरकली. मग म्हणाली, "त्यात येडबिड काही लिहून येत न्हाई, बाबा. ती तपासणी त्याची न्हाईच. आन ज्याला माझ्या बापाच्या गोळीची लाज वाटंल, त्याच्या घरी मी काहून जाऊ?"

तू कुंडीवरून नजर काढलीस आणि म्हणालास, जाऊ. मला तिथं एक थापही सुचली नाही, आणि ही बातमी नाक्यावर अजून कुणाला ठाऊक नाही.

नांदेडचा तो दिवस, मिलिंद. तो मी मरेपर्यंत सांगणार, आणि तू नसलास तरी तुझ्या वाटचं पाणी मीच काढून सांगणार. त्यांनी तुझ्या हातात एक नळी दिली, तिच्यावर एक रेघ. रेघेपर्यंत लाळ पाहिजे, फेस नको. त्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू नाही. आणि तुझ्या तोंडात थेंब नाही! अधूनमधून घेतलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी म्हण, भीतीनं म्हण, जीभ टाळूला चिकटलेली. तू नळी तोंडाशी धरून बसलास, दुष्काळात टँकरची वाट बघणाऱ्या घागरीसारखा. नर्सताई दोनदा येऊन बघून गेल्या. तुझे डोळे भरून आले. पाणी होतं, पण चुकीच्या जागी.

"मला थुकतासुदिक येईना, बबन्या," तू म्हणालास.

तेव्हा मी खुर्ची ओढली आणि सुरू झालो. म्हटलं, आपल्या शाळेमागची चिंच आठवते? तिची गाभुळलेली चिंच, जिचा वास घेऊन हेडमास्तरांच्या खोट्या दातांनाही कळ लागली होती. ती सोलली, तिला मीठ लावलं, लाल तिखट लावलं, वरून गुळाचा खडा ठेवला. मग कैरी आणली. ती कैरी इतकी आंबट की कापली त्या विळीला महिनाभर धार आली नाही. तिच्या फोडी केल्या, फोडीला मीठ लागताच पाणी सुटलं, ते बोटावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, आणि तू कोपर चाटतोयस. समोरच्या बाकावरची आजी पदर तोंडाला लावून आवंढा गिळायला लागली. नर्सताई दारातच थांबल्या. मी आवळा काढला, लिंबाचं लोणचं काढलं, करवंदं काढली.

आणि तू, नळी ओठाला लावलेली, गालातल्या गालात हसत बोबडं बोललास, "पानी किती?"

"रेघेपर्यंत," मी म्हटलं.

माझ्या उभ्या आयुष्यातल्या थापांचा कुणाला काही उपयोग झाला असेल, तर तो एवढाच. एक नळी भरली.

रिपोर्ट यायला थोडे दिवस लागले. डॉक्टरबाईंनी तो समोर ठेवला आणि आधीच बजावलं की हे भविष्य नाही. कुठल्या गोळीनं तुम्हाला बरं वाटेल हे यात लिहिलेलं नसतं, आणि सगळ्या औषधांचं कळतही नाही. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण हे बघा. तुम्हाला दिलेल्या बऱ्याचशा गोळ्या तुमचं शरीर फार सावकाश पचवतं. एवढी मात्रा तुम्हाला जड जायला हवी होती. आणि कागदांवर प्रत्येक वेळी लिहिलंय, काही त्रास नाही. हे कसं?"

तू मान खाली घातलीस. पांढरा शर्ट, पेन, बूट. हात मांड्यांखाली. "बराबर घेत होतो, मॅडम. तकलीफ न्हाई."

मिलिंद, त्या खोलीत माझं काम नव्हतं. पण पंखा फिरत होता, बाई तुझ्याकडं बघत होत्या, प्रज्ञानं ओठ दाबून धरले होते, आणि मला दिसलं की तू पुन्हा एकदा पास व्हायला बसला आहेस. आता जी गोळी ठरेल ती या उत्तरावर ठरणार, आणि तीही मोगऱ्यात जाणार. मग माझ्या तोंडून निघून गेलं.

"मॅडम, ही बांधावरची माती हाय."

बाईंना काही कळलं नाही. तुला कळलं. तू माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं, आपली मैत्री इथंच संपली. मग तू हळूच दोन्ही हात मांड्यांखालून काढून टेबलावर ठेवलेस. थरथरणारे, तसेच. आणि मधल्या रानातलं सगळं सांगितलंस. झोप, कोरड, थरथर, मोगरा. भिंतीकडं तोंड करून पडल्यावर काय काय मनात येतं, तेही. प्रज्ञा रडत होती आणि बाई लिहून घेत होत्या. मी छताकडं बघत होतो.

बाईंनी रागाचा एक शब्द काढला नाही. उलट म्हणाल्या की तुमचं चुकलं नाही, तुमच्या अंगाला तेवढं औषध सोसणारच नव्हतं. तुझे खांदे खाली आले ते मी पाहिले. इतकी वर्षं तुला वाटत होतं की दुनियेला सोसतं ते आपल्याला सोसत नाही, म्हणजे आपणच नालायक. मग वेगळी गोळी ठरली, अगदी थोडी मात्रा, सावकाश वाढवायची, आणि मनानं बंद करायची नाही.

एका दिवसात काही झालं नाही. मी नाक्यावर सांगितलं की तू दुसऱ्या सकाळी उठून तीन एकर नांगरलंस. पण खरं म्हणजे कितीतरी आठवड्यांनी एकदा तू ढाब्यावर आलास, बाजेवर बसलास. मी भीतभीत शिंगवाला वाघ काढला. तू चहात बघत म्हणालास, "मागच्या टायमाला माळा झेंडूच्या होत्या. आता शेवंतीच्या कशा झाल्या?" मी आत गेलो आणि कांदा चिरायला घेतला. कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

वाईट दिवस पुढंही आले. पण आता ते लपून येत नव्हते. सकाळी मी फोन करायचो, "कुठली माती?" तू म्हणायचास, "मधली." मी विचारायचो कशी आहे. कधी भुसभुशीत म्हणायचास. कधी म्हणायचास, "भेगा पडल्यात." मग मी गल्ला पोराकडं सोपवून साखऱ्याला यायचो आणि आपण दोघं मोगऱ्यापाशी न बोलता बसायचो. मी, न बोलता! आणि तो मेला मोगरा सांगू नये इतका फुलायला लागला होता.

आपलं एक भांडण राहिलंच. मी म्हणायचो तुला त्या रिपोर्टनं उठवलं. तू म्हणायचास, रिपोर्ट असून काय होणार होतं, तुझ्या चोंबड्या तोंडानं उठवलं. मी म्हणायचो, अरे, रिपोर्ट नसता तर माझं तोंड उघडलंच नसतं. प्रज्ञा कंटाळून म्हणायची, काका, नळी तुमी भरली, माती बाबांनी दिली, वाचली डॉक्टरांनी, आता जेवा. तिनं जावईसुद्धा पहिल्याच भेटीत सगळं सांगून आणला, आणि तो भला माणूस तुझ्याशी तासन्‌तास जमिनीवरच बोलत बसायचा. तुझी ती भीती अशी फुकट गेली. पण भांडण मी अजून सोडलेलं नाही. तू मधूनच उठून गेलास म्हणून मी जिंकलो, असं होत नाही.

आणखी एक राहिलं. येत्या खरिपाच्या मेळाव्यात औंढ्याला तू बोलणार होतास. मातीवर नव्हे, स्वतःवर. प्रज्ञाला तसा शब्द दिला होतास. म्हणाला होतास की या तालुक्यात किती मोगरे गोळ्या खाऊन राहिलेत कुणास ठाऊक. आणि त्या सकाळी मी नेहमीसारखा फोन केला. "कुठली माती?" "मधली." "कशी हाय?" घरामागं हळद शिजत असावी, तिचा आवाज येत होता. म्हणालास, "ओल हाय, बबन्या. चांगली ओल हाय." दुपारी तुझं काळीज बंद पडलं. तू तुझ्या मनानं गेला नाहीस रे, नुसतं काळीज थांबलं. एवढं मी प्रत्येकाला बजावून सांगतो.

परवा विहारात वंदना झाली आणि प्रज्ञानं माईक माझ्या हातात दिला. "काका, बाबा जे सांगणार होते ते तुमी सांगा. जसं झालं तसं." मी सांगितलं. मोगरा सांगितला, लोक हसले. चिंच सांगितली, लोक आवंढे गिळत हसले. मग मी सांगितलं की माझा दोस्त आजारी होता, डॉक्टरपासून आजार लपवत होता, लाळेच्या तपासणीनं त्याच्या गोळीची वाट सापडली आणि खरं बोलल्यानं तो उठला. तरी हसतच होते. शिंगवाल्या वाघाची वाट बघत होते. मी म्हटलं, यात पाणी नाही. तर आणखी हसले. तू पहिल्यापासून सांगायचास की ज्या दिवशी मी खरं बोलेन त्या दिवशी कुणी ऐकणार नाही. मला तुझा फार राग आला, आणि तो सांगायला तू समोर नव्हतास.

काल दुपारी ढाब्यावर एक जण आला. औंढ्याकडचा. परवा मागं उभा होता म्हणे. इस्त्रीचा शर्ट, चोख दाढी. येऊन नेमका तुझ्या बाजेवर बसला. ती जागा मी सध्या कुणाला देत नाही, उठवणारच होतो, तेवढ्यात त्यानं चहा मागितला आणि खालच्या आवाजात विचारलं, "काल तुमी ते थुकीचं सांगितलं. खरं हाय का?"

"व्हय," मी म्हटलं.

"माझ्या मेव्हण्यासाठी इचारून राहिलो."

त्याच्या हातात कपबशी होती. चहात लाटा उठत होत्या. लहानच, होडी सोडण्याएवढ्या नव्हत्या.

मी पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर बसलो. "मेव्हण्याची ऱ्हाऊ द्या, दादा. ती बांधावरची झाली. मधली आनली का?"

त्यानं कपबशी बाजेवर ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले आणि बोलायला लागला. ट्रक आले, हॉर्न वाजवून गेले. वरण करपलं. त्याचं सांगून झाल्यावर मी प्रज्ञाला फोन लावून त्याच्या हातात दिला. पण तोवर, मिलिंद, दुपार उतरेपर्यंत मी मधे एक अक्षर बोललो नाही.

विचार हवं तर, पानी किती.